बसलेल्या घशाचं गाऱ्हाणं

चामखीळ कुणाला होत नाही? लालबागच्या आमच्या चाळीत दर दुसऱ्या माणसाच्या बोटावर, कोपरावर नाहीतर मानेवर एखादी असायचीच, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. माझ्या वाटणीची मात्र घशात आली. तीही एकटी आली नाही. सगळं गणगोत घेऊन आली आणि थेट स्वरयंत्रावर बिऱ्हाड थाटून बसली. मी चार-पाच वर्षांची असताना माझा आवाज घोगरा व्हायला लागला, मग फाटला, मग काही दिवस नुसतीच हवा यायला लागली. आईला वाटलं चिंचा खाल्ल्यानं झालं असेल. तिनं चिंचा बंद केल्या. ते दुःख मला आवाज जाण्याच्या दुःखापेक्षा मोठं वाटलं होतं.

परळच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढून माझ्या घशात पाहिलं आणि आईला समजावून सांगितलं. हातावर येते तीच ही जात, विषाणूची करणी. बहुतेकांच्या अंगावर ती येते आणि आपली आपण जाते. क्वचित एखाद्या पोराच्या घशात शिरते आणि मग पिच्छा सोडत नाही. काढली की पुन्हा येते, पुन्हा काढायची. फार वाढली तर श्वासाची वाट अडते. आईनं एवढं सगळं ऐकून विचारलं, "पण हिने खाऊचा काय?" डॉक्टर म्हणाले, "सगळं." चिंचा परत सुरू झाल्या.

चाळीत ही बातमी पोचली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद शेजारच्या काकीला झाला. म्हणजे तिला माझं वाईट वाटलंच, पण चामखीळ म्हटल्यावर तिच्याकडे उपाय तयार होता. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीच्या मुळाशी घट्ट बांधायचा, की ती सुकून गळून पडते. कोकणात हे सगळ्यांना माहीत आहे. काकी तडक नाक्यावर गेली, उभ्या व्हिक्टोरियाच्या घोड्याचा एक केस उपटला, गाडीवानाच्या चार शिव्या खाल्ल्या, त्याला पाच दिल्या, आणि केस पदराच्या टोकाला बांधून आमच्या दारात आली.

"हां, ह्यो बांध."

"घशात कसो बांधू गो?" आई म्हणाली.

काकीनं याचा विचार केलेला नव्हता. तिनं माझं तोंड उघडायला लावून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "गाठ मारून गिळांदे."

आईनं तो केस भिडेखातर देव्हाऱ्यात ठेवून दिला. कित्येक वर्षं तो तिथंच होता. आमच्याकडे येणारा पाहुणा हळदीकुंकवाच्या डबीशेजारी वेटोळं घातलेला घोड्याचा केस पाहून काही विचारायचा नाही, नमस्कार करून मोकळा व्हायचा.

तर माझं बालपण असं हॉस्पिटलच्या वाऱ्या करण्यात गेलं. त्यात रडगाणं लावण्यासारखं मला कधी वाटलं नाही, आणि कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं टाळकं फिरायचं. अजूनही फिरतं. डॉक्टर मला पाहायला शिकाऊ डॉक्टरांची पलटण घेऊन यायचे, कारण असा आजार त्यांना पुस्तकाबाहेर क्वचितच पाहायला मिळे. मी राणीच्या बागेतल्या जिराफासारखी मान वर करून तोंड उघडायचे आणि रांगेनं सगळ्यांना दर्शन द्यायचे. शाळेत पोरं मला 'फाटका भोंगा' म्हणत. गिरणीचा भोंगा फाटका असला तरी त्याच्या हुकमावर अख्खं लालबाग उठतं, असं मला म्हणायचं असायचं, पण एवढं लांब वाक्य बोलायला घशात हवा पुरत नसे. म्हणून मी चिमटा काढायचे.

खरी अडचण ऑपरेशननंतर यायची. त्यानंतर कितीतरी दिवस मौन. "एक शब्द नाही," डॉक्टर सांगायचे, "कुजबूजसुद्धा नाही." दुसऱ्या कुठल्या घरात जन्मले असते तर वेड लागलं असतं. पण मी जन्मले साचेवाल्याच्या घरात.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. तिथं शेकडो साचे एकदम धडधडत असत. त्या आवाजात शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही ऐकू जात नसे. त्यामुळे साचेवाले बोलत ते ओठांनी आणि हातांनी. ओठ नीट मोठे हलवायचे, आवाज काढायच्या भानगडीत पडायचंच नाही. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय, अंगठा ओठाशी नेला की चहा, मनगट झटकलं की धागा तुटला. पूर्ण खात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लोक एकमेकांच्या घरच्या चौकशा करत, थट्टा करत, भांडणंसुद्धा करत. आमच्या चाळीतले निम्मे पुरुष साचेवाले होते.

वडिलांनी मला ही भाषा शिकवली. पहिल्या ऑपरेशननंतर मी तोंड फुगवून बसले होते, तेव्हा ते समोर येऊन बसले आणि नुसते ओठ हलवले. मला कळलं नाही. पुन्हा हलवले. 'चिंच होयी?' मी टुणकन उडी मारली. तेव्हापासून आमचं दोघांचं जे सुरू झालं ते कुणाला थांबवता आलं नाही. जेवताना, रांगेत उभं असताना, गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला आम्ही बोलत असू. आई चिडायची. तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही. "माझ्याविषयी बोलतत," असं तिला कायम वाटायचं, आणि ते पुष्कळदा खरं असायचं.

त्या साच्यांनी वडिलांचे कानही खाल्ले होते. त्यांना भोंगा ऐकू यायचा, आईचं ओरडणं ऐकू यायचं, त्याखालचं काही नाही. मुलीला आवाज नाही आणि बापाला कान नाहीत, देवानं जोडी मात्र झकास जमवली, असं चाळीतले लोक म्हणत आणि हसत. आम्हीही हसत असू.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा संप. गोळीबार झाला, माणसं गेली, आमच्या आसपासच्या वस्त्यांतलीही गेली, आणि त्या दिवसांत चाळीत चुली पेटल्या तरी कुणी नीट जेवलं नाही. अश्रुधुराची नळकांडी फुटली की आई ओली गोधडी दाराच्या फटीत कोंबायची आणि मला मोरीजवळ बसवून माझ्या नाकाला ओला पंचा लावायची. ती भीती मी विसरलेले नाही. पण भीतीपेक्षा लोकांच्या अंगात जो जोर होता तोच मला अधिक आठवतो. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा दिवसभर कुठून ना कुठून कानावर यायची, आणि संध्याकाळी अख्ख्या लालबागचा घसा बसलेला असायचा.

आणि त्या दिवसांत एक गंमत झाली. माझा आवाज एकाएकी इज्जतीचा झाला. एकदा वाण्याकडे गूळ मागितला, तर तो माझा घोगरा आवाज ऐकून थबकला. "सभेला गेली होतीस? शाब्बास!" आणि त्यानं हातावर खडीसाखर ठेवली. मी खडीसाखर तोंडात टाकली आणि गप्प राहिले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, कमी बोल म्हणून. त्यानंतर काळाचौकीपर्यंत कुठेही गेलं तरी तेच. कुणी मला आजार विचारीना. जिकडेतिकडे माझ्यासारखीच घोगरी, फाटकी, हवेची माणसं भेटत. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांसारखी झाले होते, किंवा चारचौघं माझ्यासारखे झाले होते.

या खुशीत एक काटा होता. एका ऑपरेशनच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची मुलगी होती. तिच्या मानेला भोक पाडून त्यात चांदीची नळी बसवलेली होती आणि ती त्या नळीतून श्वास घ्यायची. मुलगी मोठी हसरी होती. आम्ही दोघी खुणांनी पत्ते खेळायचो आणि ती लबाडी करायची. पण रात्री त्या नळीची शीळ मला झोपू द्यायची नाही. पुढच्या खेपेला, त्या वर्षीच्या श्रावणात, माझं पुन्हा ऑपरेशन झालं आणि डॉक्टर आईला काचेच्या दाराबाहेर घेऊन गेले. त्यांना वाटलं मला ऐकू जाणार नाही. ऐकू गेलंच नाही. मी ओठ वाचले. 'पुन्हा इतक्या लवकर वाढली तर नळी घालावी लागेल. आणि इतक्यांदा खरवडल्यावर आवाज किती उरेल, ती बोलेपर्यंत सांगता येणार नाही.'

मी मौन पाळलं. गणपतीच्या आधी डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "वाट स्वच्छ आहे. आता बोल. ओरडू नकोस, पण बोल."

मी मान हलवली आणि बोलले नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एकदा आये म्हण." मी नाही म्हटलं, तेही मानेनंच. आईनं आर्जवं केली, रागावली, शेवटी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. मला सगळं कळत होतं. पण मी घाबरले होते. बोलले नाही तोवर माझा आवाज होता. बोलले आणि नुसती हवा आली तर तो गेला, कायमचा. वडिलांनी आग्रह केला नाही. त्यांना माझ्या आवाजाची गरजच कुठे होती? ते समोर बसले आणि ओठांनी म्हणाले, 'घाई नाय.'

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मोठी सभा झाली. चाळीतले झाडून सगळे पुरुष गेले. आमचे बुवा हातगाडीवर उभे राहून घोषणा देत होते म्हणे. बुवा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे म्होरके, गिरणीत वडिलांच्याच शेजारच्या साच्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गणपती बसला आणि आरतीला उभे राहिल्यावर कळलं की चाळीतल्या एकाही पुरुषाच्या घशातून आवाज निघत नाही. आरती बायकांनी आणि पोरांनी निभावली. पण आरतीनंतर गाऱ्हाणं होतं.

आम्हा मालवणी लोकांचं गाऱ्हाण्याशिवाय चालत नाही. घरातला किंवा वाडीतला जाणता माणूस हात जोडून देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं मोठ्या आवाजात मागणं मागतो. प्रत्येक मागण्याला बाकीचे एकमुखानं 'व्हय महाराजा' म्हणतात, म्हणजे देवाला कळतं की हे एकट्याचं नाही. चाळीचं गाऱ्हाणं बुवाच घालायचे. त्यांचे शब्द, त्यांचा क्रम दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि एखादा देव राहून गेला तर कोण निस्तरणार? त्या गाऱ्हाण्यात दर वर्षी माझ्या आवाजाचंही एक मागणं असायचं. दर वर्षी त्यावर अख्खी चाळ 'व्हय महाराजा' म्हणायची, एक मी सोडून.

बुवांनी हात जोडले, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा खाकरले. काही नाही. मग त्यांनी गिरणीत करतात तेच केलं. ओठ नीट मोठे हलवून गाऱ्हाणं सुरू केलं. पुढच्या ओळीत त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या साचेवाल्यांनी ते वाचलं आणि सगळ्यांनी मिळून तोंड उघडलं, 'व्हय महाराजा'. तेही बिनआवाजाचं. बुवा पुढे गेले. साचेवाल्यांनी पुन्हा तोंडं उघडली आणि मिटली. आयुष्यभर असंच बोलत आलेले ते लोक. आपला आवाज बाहेर पडत नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. हात जोडून, भक्तिभावानं, गणपतीपुढे ओळीनं उभे राहून तोंडं उघडत-मिटत होते. मागे बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

शेवटी काकी कडाडली. "अरे, देवान काय साच्यार काम केल्यान हा काय? तेका कसा कळतला?"

आणि मला हसू फुटलं. आवरलं नाही. पोट धरून हसले, आणि हसताना आवाज आला. जाडाभरडा, खरखरीत, पण आवाज. आईनं आरतीचं ताट खाली ठेवलं. सगळे माझ्याकडे वळले. मी तोंडावर हात धरला, पण आता उशीर झाला होता.

बुवांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बोटानं मला जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. ज्यांना ते ओठ वाचता येत होते त्यांना आवाज नव्हता, आणि ज्यांना आवाज होता त्यांना ओठ वाचता येत नव्हते. दोन्ही असलेली त्या चौकात मी एकटी होते.

"काय म्हणतत?" काकीनं विचारलं.

मी तोंडावरचा हात काढला. "म्हणतत," मी म्हणाले, "गाऱ्हाणा माझा, आवाज चेडवाचो."

एवढं मोठं वाक्य मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. पोरीनं गाऱ्हाणं घालायचं म्हणजे कोकणात काय म्हणतील, असं कुणीतरी पुटपुटलं असेलही, पण पुटपुटायलाही घसा लागतो आणि तो कुणाकडे नव्हता. मी गणपतीकडे पाठ करून बुवांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले आणि सुरू केलं.

"बारा गावच्या बारा वहिवाटीच्या देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" बायका आणि पोरं गरजली.

"तुझ्या लेकरांनी जमली तशी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आमची मुंबय आमच्या महाराष्ट्राकच मिळांदे रे महाराजा!"

याला जो 'व्हय महाराजा' झाला तो रस्त्यापलीकडे गेला असणार. मग तुरुंगात असलेले सुटून घरी येऊ देत, गिरणीत कुणाचं बोट जायला नको, गावची भातं पिकू देत. मला चांगलीच लय सापडली. मग बुवा थोडे थांबले आणि त्यांचे ओठ माझ्या मागण्यावर आले. 'आणि ह्या चेडवाचो हरवलेलो आवाज परत दी रे महाराजा.'

मी गप्प झाले. सगळे वाट पाहत होते. आईला न वाचताही कळलं होतं, कारण दर वर्षी हे मागणं याच जागी यायचं. तिनं पदर तोंडाला लावला. हरवलेला आवाज परत दे, असं त्याच आवाजात कसं म्हणू? देवाला वाटलं असतं, ही पोरगी माझी फिरकी घेते. मी गणपतीकडे वळले.

"आणि ह्या चेडवाचो आवाज," मी म्हणाले, "जसो आसा तसो हिच्याकडेच रवांदे रे महाराजा."

हे मागणं ठरलेलं नव्हतं. मग काकी म्हणाली, "व्हय महाराजा," आणि तिच्यामागून सगळे म्हणाले.

देवानं मागणं मानलं, पण शब्दशः. गाठी पुन्हा आल्या, पुन्हा काढल्या, आणखी काही वर्षं तेच चाललं. नळी मात्र घालावी लागली नाही. वयात आल्यावर हळूहळू त्या यायच्या थांबल्या. का थांबल्या ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. काकीनं श्रेय घोड्याच्या केसाला दिलं. गाठी थांबायच्या आधीच मुंबईसह महाराष्ट्र झाला होता आणि लोकांचे घसे सुटले होते. माझा तेवढा बसलेलाच राहिला. आजही फोनवर लोक मला 'हां साहेब, बोला' म्हणतात, आणि कामं पटकन होतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. पानं वाढली होती, हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांचा वास घरभर पसरला होता. वडील पाटावर बसून कधीचे आईकडे पाहत होते. मग त्यांनी तिला काहीतरी विचारलं. आवाज त्यांचाही गेलेला, त्यामुळे नुसते ओठ हलले. आईला काही कळेना.

"काय म्हणतत गो ते?" तिनं मला विचारलं.

मी सांगणार होते, तेवढ्यात मला लख्ख उमगलं. इतका वेळ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पहिल्या रांगेत उभे होते, त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले होते. पण त्यांच्या कानांना भोंगा कळायचा, माझा हा खालच्या पट्टीतला आवाज तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"इचारतत," मी म्हणाले, "हिचो आवाज कसो व्हतो."

आई एरवी त्यांच्याशी बोलायची ती शेजारच्या चाळीला ऐकू जाईल अशा बेतानं. या वेळी ती माझ्याजवळ सरकली. ती हळूच म्हणाली, "सांग तेंका, मोर्च्यातसून इल्ल्या माणसासारखो आसा म्हणान."

मी वडिलांसमोर जाऊन बसले आणि ओठ नीट मोठे हलवून त्यांना ते सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग ते पानावरून तसेच उठले, गॅलरीत गेले, आणि समोरच्या माळ्यावर, खाली चौकात, जिथे जिथे साचेवाला दिसेल तिथे हात हलवून, ओठ हलवून, सगळ्यांना सांगत सुटले.